चोवीस तासांचं बसणं

जगभरच्या मोटारींच्या शर्यती भरवणारी माणसं वेळापत्रक आखताना धुळ्यातल्या बायकांचा अजिबात विचार करत नाहीत. जपानची शर्यत सुरू होते रविवारी सकाळी, म्हणजे आमच्याकडे पोहे मागायची वेळ. इटलीची सुरू होते ऐन संध्याकाळी, पाहुणे यायच्या वेळेला. ऑस्ट्रेलियातली ती डोंगरावरची बारा तासांची शर्यत संपते आपल्या दुपारी, आणि तेव्हा माझे हात कणकेत असतात. अमेरिकेचं तर नावच नको. तिथली शर्यत बघायची तर दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यासमोर उभ्याउभ्या झोप येते, आणि सातवीची मुलं ती बरोबर ओळखतात.

मी गणित शिकवते. वय सांगत नाही, पण माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, यावरून काय ते समजा. आणि मला या शर्यती आवडतात, मनापासून आवडतात. हे वाक्य मी आजवर जितक्या लोकांना सांगितलं, तितक्यांनी माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, “म्हणजे ती एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी असते ती ना?” नाही. ती नाही. या गाड्यांना छप्पर असतं, दारं असतात, अंधारात लावायला दिवे असतात. एकाच रस्त्यावर एकाच वेळी दोन-तीन जातीच्या गाड्या धावतात, फार वेगवान आणि जरा कमी वेगवान, आणि ज्याची त्याची चुरस आपापल्या जातीत. शर्यत सहा तास, दहा तास, बारा तास चालते. एक गाडी दोघं-तिघं मिळून चालवतात. एक उतरतो, दुसरा त्याच्या घामानं ओल्या सीटवर बसतो आणि निघतो. एवढं सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष फोनमध्ये गेलेलं असतं. मग तो वर बघतो आणि विचारतो, “मग जिंकलं कोण?”

माझा नवरा नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. माणूस चांगला आहे, भांडत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की सहा तास गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय? हाच माणूस पाच दिवसांचा क्रिकेटचा सामना बघतो. पाऊस पडला तर मैदानावर अंथरलेलं प्लॅस्टिकसुद्धा बघतो. त्याला मी कधी विचारलं नाही की त्या प्लॅस्टिकमध्ये बघायचं काय.

हे वेड मला लागलं माहेरी, रावेरकडे. लग्नाआधीची गोष्ट. मला टायफॉइड झाला होता आणि भावानं नवीन डिश बसवली होती. केळी कापायचे दिवस, घरात माणसांची ये-जा, पण मी आजारी म्हणून मला कुणी ऊठ म्हणत नव्हतं. टीव्हीवर संध्याकाळ होत होती, गाड्यांचे दिवे लागले होते, आणि बोलणारा माणूस अगदी शांतपणे म्हणाला की अजून अठरा तास बाकी आहेत. मला ते इतकं आवडलं! कशाचीच घाई नव्हती. एक गाडी दार तुटल्यामुळे आत आणली होती, आणि चार माणसं ते दार चिकटपट्टीनं चिकटवत होती. ती गाडी जिंकणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. तरी चिकटवत होती. मी ताप विसरून बघत राहिले.

त्यानंतर मी बरी झाले, आणि तेव्हापासून एकही लांबची शर्यत मी सलग बघितलेली नाही. लग्न झालं, नोकरी लागली, मूल झालं. टीव्हीवरून शर्यत फोनवर आली आणि फोन पिठाच्या डब्याला टेकून उभा राहिला. मी जगातल्या सगळ्या शर्यती बघितल्या, पण सगळ्या तुकड्यातुकड्यानं. फोडणी घातली आणि वळले, तर मागची गाडी पुढे. दूधवाल्याचे पैसे देऊन आले, तर एक गाडी भिंतीवर. का, कशी, काही कळायचं नाही. नातेवाइकांना मात्र कळलं होतं की मला “गाड्यांतलं कळतं”. म्हणून कुणी सेकंडहँड गाडी घेणार असलं की मला फोन. ॲव्हरेज किती देईल? डिझेल घेऊ की सीएनजी? मी म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही. तर म्हणतात, मग तासन्‌तास बघता काय? आणि त्यांची ती गाडी मला चालवायला कुणी देत नाही, हे वेगळंच. जळगावला जाताना मी कायम मागच्या सीटवर, मांडीवर डबे घेऊन.

सगळ्यांत मोठी शर्यत फ्रान्समधली. चोवीस तासांची, जून महिन्यात. आपल्याकडे शनिवारी दिवेलागणीला सुरू होते आणि रविवारी दिवेलागणीला संपते. ती मला एकदा पूर्ण बघायची होती. झेंडा हलतो तिथपासून झेंडा हलतो तिथपर्यंत. निकाल नको होता मला. निकाल फोनवर मिळतो, त्याला अर्धं मिनिट लागतं. मला ते मधलं सगळं हवं होतं, जिथं काही घडत नाही असं लोक म्हणतात ते. एका वर्षी उडदाचे पापड निघाले. एका वर्षी डीपी जळाली आणि आमची गल्ली दीड दिवस अंधारात. एका वर्षी नवऱ्याचे साहेब सहकुटुंब जेवायला आले आणि त्यांच्या मिसेसनी मला श्रीखंडाची कृती विचारली ती नेमकी शेवटच्या तासात.

या वर्षी मी ठरवलंच. त्या चॅनलचे पैसे भरले. इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घेतली. फ्रीजवर वगैरे लिहून लावलं नाही, सरळ तोंडानं सांगितलं सगळ्यांना, होळीच्या आधीपासून सांगितलं, की जूनमधले ते दोन दिवस मी घरात असून नाही. नवरा म्हणाला, ठीक आहे. मुलगा फोनवर हसला. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

आणि आठवडाभर आधी पारोळ्याहून चुलतसासूंचा फोन आला. त्यांचा नातू चालायला लागत नव्हता म्हणून त्या पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलल्या होत्या. आता तो चालतो, चालतो कसला, पळतो. नवस फेडायचा रविवार ठरला. कोणता रविवार, ते सांगायला नको. चाळीसएक माणसं, तिथंच वरण-बट्टी, वांग्याची भाजी. बायकांनी सकाळी लवकर निघायचं, कारण बट्ट्या वळायला हात हवेत.

मी म्हटलं, मी येणार नाही. नवऱ्यानं पंख्याकडे बघितलं.

“एक दिवस जाऊन आलीस तर काय बिघडतं? ती शर्यत नंतर परत दाखवतात की.”

“लग्नाचाही व्हिडिओ नंतर दाखवतात,” मी म्हटलं. “मग सगळ्यांच्या लग्नांना कशाला जातोस?”

तो गप्प बसला, पण त्याचं गप्प बसणं म्हणजे मी जाणार असं त्यानं धरून चालणं. त्याच्या काकूला नाही कोण सांगणार, हा खरा प्रश्न होता. मला तर सांगता आलंच नसतं. काय सांगणार? टीव्ही बघायचाय म्हणून देवाला येत नाही? त्या दिवशी मी भांडी इतक्या जोरात लावली की एका पातेल्याला पोचा आला. मला रडूही येत होतं आणि स्वतःचा रागही. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्षानुवर्षं परवानगीच मागत बसायची का, असं वाटत होतं.

सासूबाई ओसरीत मेथी निवडत होत्या. त्या पारोळ्याकडच्याच एका खेड्यातल्या, घरात अजून अहिराणी बोलतात. त्यांनी हात पुसले, फोन घेतला आणि जावेला लावला. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि मग मी ऐकलं, “ती येवाव नही व. तिना नेम शे. चोवीस तास एका जागे बठनं शे, मौन धरीसन.”

मी दारातच थिजले. त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा मेथी घेतली.

“आई, हे काय सांगितलंत?”

“टीव्ही म्हनं का बठ्ठा इचारतस,” त्या म्हणाल्या. “नेम म्हनं का कोनी इचारत नही. तू बठ.”

टीव्ही म्हटलं की सगळे विचारणार, नेम म्हटलं की कुणी नाही; त्यांचा हिशेब बरोबर होता. आमच्याकडे बाई सोळा सोमवार करते, शुक्रवार करते, नवरात्रात नऊ दिवस चप्पल घालत नाही, आणि कुणी तिला का म्हणून विचारत नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. नेमाला कुणी आडकाठी करत नाही हे खरं, पण नेम करणाऱ्या बाईला एकटीही कुणी सोडत नाही.

शनिवारी संध्याकाळी मी टीव्हीसमोर गादी टाकली. शर्यत सुरू झाली. नवऱ्यानं स्वतःची खिचडी स्वतः वाढून घेतली आणि खरं सांगते, तो मध्ये एकदाही बोलला नाही. रात्र झाली, सरली. सकाळी तो आणि सासूबाई क्रूझरमध्ये बसून एरंडोलच्या दिशेनं गेले आणि मी दाराला आतून कडी घातली.

ती सकाळ आणि ती दुपार मला शब्दांत धड सांगता येणार नाही. मी एक गाडी धरून ठेवली होती, फिकट निळी, एका छोट्या संघाची. बाप, दोन मुली आणि शेजारचे चार मेकॅनिक, असा तो संघ वाटत होता. ती गाडी आपल्या जातीत पहाटे सातवी होती, सकाळी पाचवी, दुपारी तिसरी. कशी झाली ते मला ठाऊक होतं, कारण मी बघितलं होतं. पुढच्या एका गाडीचं टायर फुटलं, एकीला दंड झाला, आणि निळीचा म्हातारा ड्रायव्हर प्रत्येक वळणावर थोडं थोडं मिळवत गेला. टीव्हीवर त्याचं कौतुक कुणी केलं नाही, सगळा कॅमेरा पुढच्या मोठ्या गाड्यांवर. पण कोपऱ्यात आकडे येत होते आणि मी ते आकडे वाचत होते. अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार रस्त्यावर येते. ती आली की मी उठायचे. तेवढ्यात आंघोळ उरकली, दुसऱ्या वेळी चहा-पोळी खाल्ली. इतकी सुखात मी कितीतरी वर्षांत नव्हते.

पाचाच्या सुमाराला बाहेर दोन गाड्या थांबल्या. मला वाटलं, आमचीच माणसं आली. कडी काढली तर दारात पंधरा-वीस बायका.

पारोळ्याला उतरून घरी जायचं, ते सोडून ही सगळी मंडळी पुढे धुळ्यापर्यंत आली होती. चुलतसासू सगळ्यांच्या पुढे. हातात हार, नारळ, ओटीचं ताट. त्यांच्या मागे सासूबाई, आणि त्यांचा चेहरा मी आजवर कधी बघितला नव्हता इतका कसनुसा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मौन! मी परत गादीवर जाऊन बसले. दुसरं काय करणार होते?

मग सुरू झालं. पहिलीनं हळदीकुंकू लावलं. दुसरीनं हार घातला. एकजण माझ्या पाया पडली, ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी होती. मी पाय ओढून घेतले तर ती म्हणाली, बघा, किती नम्र. ओटी भरायला एकेक बाई माझ्या आणि टीव्हीच्या मधे येत होती आणि मी कधी तिच्या डाव्या काखेखालून, कधी उजव्या खांद्यावरून बघत होते. निळी अजून तिसरी होती. डब्यांमधून तुपात भिजलेल्या बट्ट्यांचा वास येत होता, पण ते डबे नवऱ्यासाठी. माझा नेम म्हणून माझ्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. रावेरच्या बाईला केळी! मला ओरडावंसं वाटत होतं आणि तोंड मिटून बसायचं होतं.

“अक्का,” चुलतसासू सासूबाईंना म्हणाल्या, “नेम शे आनि समोर ह्या गाड्या कसाले?”

“झोप येवाले नको म्हनीसन लायेल शे,” सासूबाई म्हणाल्या. घाईघाईत म्हणाल्या, पण बरं म्हणाल्या. बायकांना पटलं. त्या आवाजात कुणाला झोप येणार, असं एकीनं म्हटलंसुद्धा. त्या सगळ्या खाली बसल्या, पदरानं वारा घेत. जातील, जातील, असं मी मनात म्हणत होते. गेल्या नाहीत. नेम सुटेपर्यंत थांबायचं आणि सुटल्यावर आरती करायची, असं येतानाच ठरलं होतं. एकीनं हळूच पेटी आणता येईल का विचारलं.

शेवटचा तास सुरू झाला. निळीच्या मागे एक हिरवी गाडी लागली होती. अंतर कमी होत होतं. मी पुढे सरकून बसले होते, हातात नारळ घट्ट धरला होता.

आणि चुलतसासूंनी रिमोट उचलला. त्यांनी वाईट हेतूनं केलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. “नेम सुटानी येळ उनी,” त्या म्हणाल्या. “आते तरी देवनं काही लावूत.” टीव्हीवर एक महाराज आले. फेटा बांधलेले, मागे टाळकरी. सगळ्या बायकांनी हात जोडले.

मी सासूबाईंकडे बघितलं. बोलले तर त्या खोट्या ठरणार, सगळ्या भावकीत, तेही देवाच्या नावावर खोटं. नाही बोलले तर संपलं. चोवीस तासांतले तेवीस बघून काय करायचं होतं मला? मी महाराजांचं तोंड हलताना बघत होते आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं. एकजण दुसरीला म्हणाली, बघ, भाव दाटला. माझा संताप इतका अनावर झाला की मी तोंड उघडलं.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. माझ्या आधी त्या म्हणाल्या. “ते परत लाव. नेमबिम काही नही. मी खोटं बोलनू. तिले हाई शर्यत देखनी शे. कालपासून ती तेच देखी राह्यनी.”

टीव्हीवर महाराज बोलतच होते.

“खोटं?” चुलतसासूंचा आवाज चिरकला. “देवना नावे खोटं? आनि आम्ही बठ्ठ्या तिना पाया पडनूत!”

सासूबाई उभ्या होत्या, हात पदराला पुसत. त्या जावेशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत.

“खरं सांगं असतं,” त्या म्हणाल्या, “तर बठू दिधं असतं का तुम्हीन तिले?”

चुलतसासूंनी इकडे तिकडे बघितलं, की कुणीतरी म्हणेल, हो, दिलं असतं. कुणी म्हणालं नाही. त्यांची स्वतःची सून भिंतीला टेकून बसली होती, सकाळपासून बट्ट्या वळून वळून तिची बोटं सुजली होती. ती पुढे झुकली, सासूच्या हातातून तिनं रिमोट घेतला आणि मला विचारलं, “ताई, कितवा चॅनल?”

मी तिला सांगितलं. एवढ्या वेळानं माझा आवाज घोगरा निघाला.

शर्यत परत आली तेव्हा निळी आपल्या दुरुस्तीच्या जागेत उभी होती, बॉनेट उघडं, चार माणसं आत वाकलेली. त्या महाराजांच्या दहा-बारा मिनिटांत काय झालं ते मला अजूनही माहीत नाही. हिरवी निघून गेली होती, आणखी दोन निघून गेल्या होत्या. मी कपाळावर हात मारला. शिव्या नाही दिल्या, पण मनात दिल्या.

“हाऊ काय झाय?” चुलतसासूंनी विचारलं, रागातच, पण विचारलं. मी सांगितलं की ही गाडी कालपासून पळत होती, आता बिघडली, तिसरा नंबर गेला, पण शेवटच्या फेरीला रस्त्यावर असली तरच तिचं पळणं मोजतील. “मंग?” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग ते दुरुस्त करताहेत. त्या जरा पुढे सरकल्या. सासूबाई येऊन माझ्या गादीच्या कडेला टेकल्या. मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना अजून बोलून दाखवलेलं नाही.

बॉनेट बंद झालं. म्हातारा ड्रायव्हर आत बसला. गाडी खोकत निघाली, फार हळू, बाकीच्या सगळ्या तिला ओलांडत होत्या. “जाई का व?” कुणीतरी पुटपुटलं. “पोहची का?”

नवरा बाहेर क्रूझरवाल्याशी बोलत होता. तो आत आला, वीस बायकांना टीव्हीसमोर बघून दारातच थांबला, मग स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटल्याचा झाला.

“अगं, साखर कुठंय?” त्यानं आतून विचारलं.

निळी शेवटच्या वळणाला लागली होती. एकही बाई उठली नाही.